न घेतलेला तुकडा

प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमधली सगळी मंडळी पाव आणि द्राक्षरस घ्यायला रांगेने मेजाकडे जाई, आणि पावाच्या कारखान्यात काम करणारी एक विधवा शेवटून दुसऱ्या बाकावर बसून राही. त्या बाकावरच्या इतर बायकांना बाहेर पडायचे तर तिच्यासमोरूनच जावे लागे. ती पाय आखडून वाट करून देई, आणि जणू खाली चिखल साचला आहे अशा बेताने त्या कपडे सावरून पुढे सरकत. ज्या पावासाठी त्या एवढ्या लगबगीने निघत, तो आदल्या दिवशी तिनेच मळून भाजलेला असे.

तिच्या बसून राहण्याचा मंडळीने अर्थ लावला. अर्थ लावण्यात ती मंडळी तरबेज होती. ज्या ग्रंथाचा अर्थ लावण्यासाठी ती दर आठवड्याला जमे तेवढा एक ग्रंथ वगळता तिने जगातल्या बहुतेक गोष्टींचा अर्थ लावून ठेवला होता. मेजापासून जो दूर राहतो त्याच्या हातून काहीतरी घडलेले असते, हे प्रमेय. विधवेच्या हातून काय घडू शकते, याला फारसे संशोधन लागत नाही. प्रश्न उरला पुरुष कोण एवढाच, आणि तिला कामावर नेताना-आणताना आपल्या स्कूटरवर बसवणाऱ्या कारखान्यातल्या भट्टीवाल्याने तोही अनवधानाने सोडवून टाकला होता.

"बाई," भट्टीवाला एकदा गरम पत्रे खाली ठेवत म्हणाला, "तुमच्या चर्चमधल्या बायका माझ्याकडे असं काही बघतात ना, की शेवटी मीच घरी जाऊन बायकोला विचारलं, अगं, मी काही केलंय का?"

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमच्यात तेवढी धमक असती तर मला आधी कळलं असतं."

ती हसली. पिठाच्या हातांनी तोंड झाकून खूप हसली, आणि मग भट्टीकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. भट्टीवाल्याने पुन्हा तो विषय काढला नाही. मंडळीतल्या कोणालाही सुचले नसते असे सौजन्य त्याच्याकडे होते.

खरी गोष्ट साधी होती. एका माणसाला तिला क्षमा करता येत नव्हती, आणि क्षमा न करता त्या मेजाशी जाणे तिला खोटेपणाचे वाटत होते. तिची शाळकरी मुलगी धाकट्या दिराच्या गाडीला झालेल्या अपघातात गेली. पोहण्याच्या क्लासवरून तो तिला घरी आणत होता. रस्ता ओला होता, गाडी घसरली, असे सगळ्यांनी मिळून ठरवले. पण इस्पितळाच्या व्हरांड्यात तो वहिनीच्या खांद्यावर डोके ठेवून रडला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता. "वहिनी, आईला सांगू नका. ती मरेल," एवढेच तो म्हणाला. तिने सांगितले नाही. हा धाकटा म्हणजे सासूचा जीव की प्राण; नात गेल्यावर त्याच्या तोंडाकडे बघूनच म्हातारी पुन्हा अन्नाला शिवली होती. तो आधार तिच्याकडून काढून घेणे सुनेच्याने झाले नाही. दीर मात्र नेमाने मेजाशी जाई, गुडघे टेकी, डोळे मिटी आणि घेई. इतक्या भक्तिभावाने दुसरा कोणीच घेत नाही, असे मंडळीत कौतुकाने बोलले जाई.

ती प्रयत्न करीत नव्हती असे नाही. पीठ मळता मळता "केली क्षमा" असे ती मोठ्याने म्हणून बघे. शब्द नीट उमटत. मग त्यांच्या पाठोपाठ इस्पितळाने परत दिलेल्या पिशवीतला तो ओला टॉवेल आठवे, आणि आपण नुसतेच बोललो हे तिला कळून चुके. देवावर तिचा विश्वास उरला नाही असे काहींचे निदान होते. विश्वास उरला नसता तर तिने तो तुकडा केव्हाच गिळून टाकला असता.

एकदा ती पाळकसाहेबांकडे गेली. त्यांनी नुकताच समुपदेशनाचा अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर येशूच्या तसबिरीपेक्षा किंचित वर लावले होते.

"मला एका माणसाला क्षमा करता येत नाहीये," ती म्हणाली.

"कोणाला?"

"ते नाही सांगता येणार."

पाळकसाहेब समजूतदारपणे हसले. "ताई, बऱ्याचदा तो माणूस म्हणजे आपण स्वतःच असतो."

"नाही हो, तसं नाहीये."

"नाकारणं हीच पहिली पायरी असते."

त्यांनी हे संभाषण गुप्त ठेवले. कोणालाही सांगितले नाही. फक्त बुधवारच्या प्रार्थनासभेत 'स्वतःला क्षमा करू न शकणाऱ्या आपल्या एका भगिनीसाठी' कळकळीने प्रार्थना केली. मंडळीने माना खाली घालून 'आमेन' म्हटले, आणि माना वर केल्या तेव्हा सगळ्यांना सगळे ठाऊक झाले होते.

त्याच आठवड्यात महिला मंडळाच्या चिटणीसबाई घरी आल्या. बसल्या नाहीत.

"तुझा त्रास वाचवावा म्हणतोय आम्ही," त्या म्हणाल्या. "मेजाचा पाव आता बाहेरून आणू."

"मला नाही हो त्रास होत."

"तुला नाही गं. इतरांना होतो."

पाव भाजणे एवढेच तिच्याकडे उरले होते. घेता येत नसले तरी देता येत होते. चिटणीसबाई गेल्यावर ती दाराची कडी हातात धरून उभी राहिली. आतल्या खोलीत, लोखंडी खाटेवर, अर्धांगाने खिळलेल्या सासूबाईंनी शब्दन् शब्द ऐकला होता.

सासूबाईंची जीभ पूर्वीपासून तिखट, आणि अर्धांगाने नेमके तिलाच सोडले होते. सून त्यांना कुशीवर वळवी, पाठीला मलम लावी, तोटीच्या कपाने पाणी पाजी, आणि त्या म्हणत, "हळू गं, मी काय तुझ्या कारखान्यातली कणीक आहे?" मंडळीतली कुजबुज कानावर आली तेव्हा त्यांनीच ती परतवून लावली होती. पण आता सुनेच्या हातचा पावच नाकारला गेला होता.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "आहे का कोणी?"

"नाही, आई."

"मग घेत का नाहीस?"

सून त्यांची उशी सारखी करू लागली.

"म्हणजे आहे." म्हातारी छताकडे बघत राहिली. पुन्हा बोलली तेव्हा तिच्या आवाजातला तिखटपणा गेला होता. "पोरी, मी काही आता फार दिवस नाही. पाळकाला घरी बोलाव. इथंच घेऊ सगळे. काय केलंस ते मी विचारणार नाही. मला फक्त तुला एकदा घेताना बघू दे. तेवढं बघितलं की मी सुखानं जाईन."

पुढच्या रविवारी दुपारी पाळकसाहेब चामड्याची छोटी पेटी घेऊन आले. दीरही आला, इस्त्रीच्या कपड्यांत. सुनेने खोली पुन्हा एकदा पुसायला घेतली.

"पुरे गं," सासूबाई म्हणाल्या. "पाळक आलाय, मला न्यायला देवदूत नाही."

पाळकसाहेबांनी पेटी उघडली, चिमुकले पेले मांडले, बाजारच्या पावाचे चौकोनी तुकडे बशीत ठेवले, प्रार्थना केली. म्हातारीने तुकडा तोंडात घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. दिराने घेतला. मग बशी सुनेसमोर आली.

तिने हात पुढे केला. देवा, आता तरी, असे ती मनात म्हणाली. आईसाठी. एकदाच. तिने दिराकडे बघितले. त्याला सगळे ठाऊक होते, आणि एका वाक्यात तो तिला सोडवू शकत होता.

"घ्या ना, वहिनी," तो म्हणाला. "आईसाठी."

तिचा हात मागे आला. "मला नको," ती म्हणाली.

"कोणामुळे?" सासूबाईंनी विचारले. "निदान तेवढं तरी सांग. कोणामुळे?"

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. उत्तर त्याच खोलीत, खाटेच्या उजव्या हाताला उभे होते. सुनेने ओठ उघडले, म्हातारीचा एक हात धाकट्याच्या मनगटावर घट्ट रुतलेला पाहिला, आणि ओठ मिटले.

"सांगता येत नाही, आई."

पाळकसाहेबांनी खेदाने मान हलवली आणि पेटी बंद केली. खेद करण्याचे शिक्षण त्यांना उत्तम मिळाले होते. ते गेल्यावर सासूबाईंनी चेहरा फिरवून घेतला.

"आता मला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "धाकट्या, तू पाणी दे."

सून दारापर्यंत मागे सरली. दिराने कप उचलला. आईला त्याने कधी पाणी पाजले नव्हते. त्याने मान तशीच ठेवून तोटी ओठांत घातली. पाणी गालावरून मानेत ओघळले, म्हातारीला जोराचा ठसका लागला, तिचा चेहरा निळा पडू लागला. तो कप हातात धरून नुसता उभा राहिला.

"हात मानेखाली घाला, भाऊजी," सून दारातून म्हणाली. मुलगी गेल्यापासून ती आपणहून त्याच्याशी बोलली नव्हती. "आधी वर उचला. हं. आता थोडं कुशीवर. श्वास घेऊ द्या. मग पाणी."

त्याने तसे केले. ठसका थांबला. म्हातारीने डोळे उघडले. तो आवाज तिला पाठ होता; वर्षानुवर्षे त्याच आवाजाच्या आधाराने ती कुशीवर वळत आली होती. तरी तिने विचारले.

"कोण बोललं?"

दिराने दाराकडे बघितले.

"कोणी नाही, आई," तो म्हणाला.

म्हातारीने समाधानाने तोंड उघडले. वहिनीने त्याला डोक्याने खूण केली: थोडं, अगदी थोडं द्या.