वरचा वारा

हेमकांतला यायचं नव्हतं तर तसं तोंडावर सांगायचं, वाऱ्याचं नाव कशाला पुढे करायचं, असं तापीबाई नऊ दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होती.

हेमकांत तिचा नातू. दूर दक्षिणेत, समुद्रकाठी एका खासगी कंपनीचं अवकाशयान सोडायचं होतं, तिथे हवामान बघायला नोकरीला. आजोबा भाईदास गेले त्या सकाळी तो फोनवर म्हणाला होता, "यान बाहेर उभं शे, आजी. वारा पडला की निघतो."

तापीबाईनं ओट्यावरून केळीच्या बागेकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. साठ वर्षं तिनं पानं बघूनच वारा ओळखला होता. इथे गावात, कोरीटला पडला म्हणजे तिथेही पडलाच असणार. "निघाला तो," तिनं सगळ्यांना सांगून टाकलं आणि तिरडी अडवून धरली. ऊन कलंडलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पोटचा लेक आधीच गेलेला, म्हणून शेवटी पुतण्या भूपेंद्रनं अग्नी दिला. भर गावात तापीबाईचा शब्द खाली पडला.

नवव्या दिवशी हेमकांत आला, डोकं भादरूनच. ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "आजी, उद्या पिंड मला ठेवू दे."

"पडला का तुन्हा वारा?"

"खाली तेव्हाही नव्हता. ढगांच्या वर होता, जोराचा. जमिनीवरून तो कळत नाही, फुगा सोडून मोजावा लागतो. मग पाऊस लागला, मग विजा. आठ दिवस यान उघड्यावर उभं होतं."

"पहिल्याच दिवशी सोडून दिलं असतं तर?"

"साहेब तेच म्हणत होते. मी हो म्हटलं असतं तर विमानानं दिवेलागणीला इथं असतो."

"आणि यान?"

"गेलंही असतं. नाहीतर वरच मोडलं असतं."

"तुन्हा जागी दुसरा माणूस नव्हता?"

"होता. तो हो म्हणणारा होता."

आतून मोहिनीनं, तापीबाईच्या सुनेनं, लेकासाठी पाण्याचा तांब्या आणला, तो तसाच उंबऱ्यावर राहिला.

"तू नाही म्हणाला ते बरं केलं," तापीबाई म्हणाली. "वारा मी ओळखला नही, ती चूक मन्ही शे. पन यानाजवळ तू उभा राहिला, चितेजवळ भूपेंद्र. पिंड तोच ठेवी. तू मांगे बस."