पाहुण्यांची खोली

धाकट्याने परदेशात समुद्र भाड्याने घेतला आणि त्यावर दार ओढून घेतलं.

ऐकणाऱ्याला हे खुळ्याचं काम वाटेल, पण त्याच्या घरी वाढलेल्या कोणालाही वाटलं नसतं. आणि हो, धाकटा म्हणजे काही भावंडांतला धाकटा नव्हे. आईवडिलांना तो एकुलता एक. मग मोठा कोण, असं कोणी विचारलं की आई चुलत्याच्या मुलाकडे बोट दाखवायची.

धाकटा कवळ्या बनवायचा. दंतवैद्य तोंडाचं माप घेतो, ते माप एका लॅबमध्ये जातं, आणि तिथे मेण, प्लास्टर आणि दातांच्या पेट्या घेऊन जो मान मोडून बसलेला असतो, तो हा. परदेशी जायचं ठरलं तेव्हा त्याचे सगळे मित्र मोठ्या शहरांच्या मागे लागले आणि तिथे एकेका खोलीत पाचपाच जण कोंबून राहू लागले. धाकट्याने डोकं चालवलं. त्याने समुद्रकाठचं एक गाव हेरलं, जिथून तरुण माणसं निघून जात होती आणि निवृत्त झालेली माणसं येऊन राहत होती. म्हातारी माणसं आली म्हणजे कवळ्या आल्या, आणि तरुण गेले म्हणजे जागा स्वस्त. मोठ्या शहरात नुसत्या कॉटला जे भाडं पडलं असतं, त्यात त्याला इथे वरचा अख्खा मजला मिळाला. मागे स्वयंपाकघर, पुढे एक ऐसपैस खोली, आणि तिच्या खिडकीत समुद्र. वारा मात्र इतका खारा, की सायकलची चेन बघता बघता लाल व्हायची आणि दाराची कडी तेल पाजल्याशिवाय हलायची नाही.

आल्या आल्या त्याने पुढच्या खोलीतला पलंग खिडकीशी सरकवला. त्यावर आईने दिलेली कोरी निळी चादर घातली. आईनेच टॉवेलात गुंडाळून दिलेले सोनेरी काठाचे दोन कप कपाटात मांडले. सगळं डोळे भरून पाहिलं, आणि बाहेर येऊन दार लावलं. खोली पाहुण्यांची. तो स्वतः स्वयंपाकघरात, फ्रिज आणि सिंक यांच्या मधल्या फटीत, घडीच्या खाटेवर झोपू लागला.

आता यात त्याचा काय दोष? त्याच्या घरी जे जे चांगलं, ते ते पाहुण्यांचं. सोनेरी कप शोकेसमध्ये, घरच्यांना कान तुटलेले. नवा टॉवेल कपाटात, घरच्यांना जुन्याचं निम्मं. आणि पाहुणे आले की आई स्वतःची गादी त्यांना देऊन ओट्यापाशी चटई टाकायची. "मला काय, मला कुठेही झोप लागते," हे तिचं ठरलेलं वाक्य. लहानपणी धाकट्याला वाटायचं, आईला ही कसली तरी सिद्धीच मिळालेली आहे. मोठा झाल्यावर कळलं, की तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून तर ही खोली. कुठल्या ऐऱ्यागैऱ्या पाहुण्यासाठी त्याने ती राखली नव्हती. आई येईल, या पलंगावर आडवी होऊन समुद्र बघेल आणि उठायचं नाव घेणार नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

घरमालकीण खाली राहायची, तीही मागच्या बाजूला, जिथून शेजारच्या भिंतीशिवाय काही दिसत नसे. बाई हाताने कामसू आणि तोंडाने फटकळ. वरची कवळी सैल, त्यामुळे रागावली की मधूनच शीळ वाजायची. एकदा गळका नळ बघायला ती पान्हा घेऊन वर आली आणि फ्रिजला चिकटलेली खाट पाहून थबकली. मग तिने जाऊन पुढचं दार उघडलं. चादरीवर एक सुरकुती नव्हती.

"इथे कोण राहतं?"

"कोणी नाही. पाहुण्यांसाठी ठेवलीय."

"आजवर किती आले?"

"अजून... कोणीच नाही."

घरमालकिणीने पान्हा खाली ठेवला. "हे बघ, पियानो शिकवणाऱ्या एक बाई समुद्र दिसेल अशी खोली शोधताहेत. तुला नको असेल तर ही मी त्यांना देते. राहायची खोली कोणी अशी दुकानाच्या काचेत मांडल्यासारखी ठेवतं का?"

"माझी आई येणार आहे," धाकटा घाईघाईने म्हणाला.

"येऊ दे. ती आली की मी येऊन बघेन. खोलीत कोणी राहत असेल तर खोली तुझी. नाही तर पियानो."

धाकट्याने लगेच घरी फोन लावला. आई कधीची "बघू" म्हणत होती. बाबा विमानाला घाबरायचे, पण सांगताना गुडघे पुढे करायचे. शेवटी बाबांचे गुडघे घरी ठेवून आई एकटीच आली. सामानात डबे, डब्यांच्या आत डबे, आणि एक झाडू, कारण परदेशातल्या झाडूंवर तिचा विश्वास नव्हता.

तिच्या पायातल्या चपला निघायच्या आत धाकट्याने पुढचं दार उघडलं. खिडकीखाली उन्हात पसरलेला समुद्र, पलंगावर निळी चादर. आई उंबऱ्यातच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले.

"किती छान ठेवलीस रे," ती म्हणाली, आणि तिने दार अलगद ओढून घेतलं. "पाहुण्यांना होईल."

"आई, तूच पाहुणी आहेस!"

"मी? आई कधी पाहुणी असते का? काहीतरीच तुझं." आणि पदर खोचून ती सिंककडे वळलीसुद्धा.

झोपायच्या वेळी तिने खाटेचा ताबा घेतला, तोही धाकट्याने हातापाया पडल्यावर. नाही तर चटईच टाकणार होती. धाकटा जमिनीवर. म्हणजे पुढे समुद्राला कोणी नाही आणि मागे दोघं दाटीवाटीने, असा थाट झाला.

धाकट्याने नाना युक्त्या केल्या. बंद खोलीला कुबट वास येतो, कोणीतरी झोपायला हवं, म्हणाला. "मग खिडकी उघडी ठेव." खाटेची स्प्रिंग टोचत असेल, म्हणाला. "उलट पाठ दाबून दिल्यासारखं वाटतं." शेवटी त्याने पियानोवाल्या बाईंचं सगळं खरं सांगून टाकलं. आई गंभीर झाली. धाकट्याला वाटलं, आता जमलं.

"खोली गेली," आई म्हणाली, "तर पाहुणे आल्यावर झोपवशील कुठे?"

धाकट्याने कपाळावर हात मारला.

"तुझ्या घरमालकीणबाई बघायला येणार कधी?"

"रविवारी."

"मग झालं तर! त्या आल्या की त्याच पाहुण्या. झाली की नाही खोली वापरून?"

"आई, ही मी तुझ्यासाठी घेतलीय."

"अरे, मला काय, मला कुठेही..."

"माहीत आहे!" धाकटा ओरडला. इतक्या जोरात, की त्याचं त्यालाच वाईट वाटलं.  आईने कोरडा ओटा पुन्हा एकदा पुसला.

रविवारी घरमालकीण आली. आईने तिचं मनगट धरून तिला थेट पुढच्या खोलीत नेलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि सोनेरी कपात चहा दिला. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून दोघी आपापल्या भाषेत मोठमोठ्याने बोलत होत्या. आई डब्यातलं एकेक काढून बशीत वाढत होती. घरमालकीण बशीवर हात आडवा धरायची, आई हाताच्या बाजूने वाढायची.

मग घरमालकिणीची नजर खिडकीबाहेर गेली. कप हातात तसाच राहिला.

"नवरा होता तेव्हाही ही खोली आम्ही कधी वापरली नाही," ती म्हणाली. "समुद्र दिसतो ना, म्हणून भाडेकरूंना द्यायचो. इथे बसून मी आज पहिल्यांदा चहा पितेय."

"काय म्हणताहेत?" आईने विचारलं. धाकट्याने सांगितलं.

"अगं बाई," आई म्हणाली, "यांचंही आपल्यासारखंच की."

घरमालकीण भानावर आली. "ते राहू दे. तुझी आई झोपते कुठे?" आणि आईलाही कळावं म्हणून तिने तळहात गालाशी नेऊन मान कलती केली.

धाकटा खोटं बोलणारच होता. पण आईने तेवढ्यात मोठ्या अभिमानाने स्वयंपाकघरातल्या खाटेकडे बोट दाखवलं. "मला काय," ती हसून म्हणाली, "मला कुठेही झोप लागते."

"काय म्हणतेय ती?"

धाकट्याने ते वाक्य जन्मभर ऐकलं होतं, पण दुसऱ्या भाषेत सांगायची वेळ कधी आली नव्हती. सांगताना त्याची जीभ अडखळली.

घरमालकीण खुर्चीतून उठली. धाकट्याला पियानो ऐकू यायला लागला.

"तिला विचार," ती म्हणाली, "हे घर कोणाचं?"

"आई, घर कोणाचं म्हणून विचारताहेत."

"कोणाचं म्हणजे? त्यांचंच की."

"मग या घरात पाहुणं कोण?" घरमालकिणीने विचारलं.

धाकट्याने हेही मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता आई कशी कोंडीत सापडली ते त्याच्या लक्षात आलं.  उभ्या संसारात तिने एकच कायदा चालवला होता: यजमानाने आग्रह केला की पाहुण्याने नाही म्हणायचं नाही. याच कायद्याखाली तिने सासरच्या आणि माहेरच्या गोतावळ्याला पोट फुटेस्तोवर जेवू घातलं होतं. घरमालकिणीने आईचं मनगट धरलं, आईने मघाशी तिचं धरलं होतं अगदी तसंच. तिला पलंगावर बसवलं आणि उशी थोपटली.

"अहो नको, चादर चुरगळेल..."

घरमालकिणीने शीळ वाजवत काहीतरी दटावलं. त्याचं भाषांतर लागलं नाही. आई पलंगाच्या अगदी कडेला, पटकन उतरता यावं अशी, आडवी झाली. थोडा वेळ ती अंग चोरून समुद्राकडे बघत राहिली. मग तिची पाठ सैल पडली, आणि घोरणं सुरू झालं.

दोघं दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात आले. घरमालकीण खाटेवर टेकली आणि लगेच उठली.

"टोचते की ही!"

"हो," धाकटा म्हणाला.

"पियानोवालीला सांगते, खोलीत पाहुण्या आहेत म्हणून. आई गेली की तू झोप तिथे. आणि रविवारी दुपारी खुर्ची माझी."

 "तुमची कवळी मी नीट बसवून देतो," धाकटा म्हणाला. घरमालकिणीने त्याच्याकडे रोखून पाहिलं, एक शीळ सोडली, आणि मान डोलावली.

आनंदात धाकट्याने कप धुवायला घेतला आणि तो हातातून निसटला. खळ्ळकन आवाज झाला. सोनेरी काठाचे तुकडे सिंकभर पसरले. दोघं श्वास रोखून उभे राहिले. घरी माजघरात चमचा पडला तरी परसातून "काय फुटलं रे?" विचारणारी ती बाई, आत तशीच घोरत होती.

घरमालकीण खाली गेली. ऊन खिडकीवरून सरकून भिंतीवर आलं. धाकट्याचे तुकडे गोळा करून होतात न होतात तोच आतून आवाज आला, झोपेने जडावलेला.

"अरे, चहा झाला का रे?"

धाकटा हातातले तुकडे धरून तसाच उभा राहिला. हे वाक्य त्याने बाबांच्या तोंडून ऐकलं होतं, काकांच्या, आत्याच्या, घरी उतरलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडून ऐकलं होतं. आईच्या कधीच नाही. 

"ठेवतोय," तो कसाबसा म्हणाला.

"आणि ही उशी जरा उंच आहे हं," आतून आई म्हणाली.