शिशाच्या रेघेखालचा उजेड

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटमापक आहे. नाव ऐकून पळू नका, माझं काम सोपं होतं. पाण्यात कुठला धातू किती आहे, ते मी सांगायचो.

माझ्या पोटात आरगॉन वायूची एक ज्योत पेटायची. तिला प्लाझ्मा म्हणतात. तिच्यापुढे चुलीतला जाळ म्हणजे थंडगारच! त्या ज्योतीत पाण्याचा बारीक फवारा सोडला, की त्यातला प्रत्येक धातू आपापल्या रंगानं उजळायचा आणि मी तो उजेड मोजायचो. ऐन उमेदीची वर्षं एका कारखान्यात गेली. उतारवयात मुरबाडच्या एका लहानशा प्रयोगशाळेत आलो, आणि तेच माझे सुखाचे दिवस. तिथं तपासणी करणाऱ्या, शेणवे गावाहून येणाऱ्या प्रेमाताई रोज सकाळी माझी काच मऊ कापडानं पुसायच्या. "उठा आजोबा, बाटल्या आल्यात," म्हणायच्या.

माझ्यात एक खोड मात्र होती. त्या ज्योतीला स्वतःचाही उजेड असतो. पाण्यात दुसरा एखादा धातू भरमसाट असला, तर तो आणखी वाढतो. मग म्हसा गावच्या जत्रेतल्या झगमगाटात काजवा शोधावा, तशी माझी गत व्हायची. म्हणून हव्या त्या धातूच्या रंगाची जी रेघ माझ्या आलेखावर असते, तिच्या आजूबाजूचा उजेड आधी वजा करावा लागतो. ते राहून गेलं, तर मी सगळाच उजेड त्या बिचाऱ्या धातूच्या नावावर खपवायचो.

एका मे महिन्यात टोकावड्याच्या पुढच्या वाडीतून विहिरीच्या पाण्याची बाटली आली. मी छातीठोकपणे सांगितलं, यात शिसं आहे. शिसं म्हणजे विषच. निकालाचा कागद तयार झाला आणि तो न्यायला बाटली देऊन गेलेल्या भिमीमावशी एसटीनं आल्या.

"मंग आमची इहीर बंद करतील?"

"करावीच लागेल, मावशी. पोराबाळांना फार वाईट असतं हे."

"दुसरं पानी खाली नदीला हाय गो. जाया-यायला दोन तास. माज्या सुनेला आठवा लागलाय, ती कशी हंडा वाहील?"

सहीसाठी उचललेलं पेन प्रेमाताईंनी खाली ठेवलं आणि माझा आलेख पुन्हा उघडला. शिशाच्या रेघेशी उंचवटा नव्हताच. दोन्ही बाजूंच्या उजेडाची सगळी जमीनच वर उचलली गेली होती.

"मावशी, पाणी भरल्यावर बाटलीत काही टाकलं होतंत का?"

"तर! सुपारीएवढा तुरटीचा खडा सोडला. तळाचं पानी गढूळ असतंय. असं पानी आमी पाव्हण्याला देत नाय, मंग तुमाला कसं देनार?"

तुरटीत ॲल्युमिनियम असतं. त्यानं माझ्या ज्योतीचा उजेड वाढवला आणि मी तो शिशाचा समजलो. पाहुण्याला निवळ पाणी द्यायची एका बाईची रीत, तिला मी विष ठरवलं होतं. मला फार लाज वाटली.

प्रेमाताईंच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी मावशींनी काही न टाकता गढूळच पाणी आणलं, तेही ओशाळून, पदराखाली झाकून. या वेळी प्रेमाताईंनी आजूबाजूचा उजेड मोजून वजा केला. शिसं नव्हतं! त्यांनी पहिला कागद फाडला आणि हात जोडले. "चूक माझी, मावशी. मी यंत्रावर विसंबले. पाणी गाळून, उकळून खुशाल प्या."

मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे गो. वय झालं का नजर फसतेच."

आता माझ्या जागी नवं यंत्र आलंय. मी कोपऱ्यात प्लास्टिकखाली पडून आहे. धूळ बसते, पाली फिरतात, येत्या सोमवारी भंगारवाला येणार आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? आपल्या जुन्या सोबत्यांना अधूनमधून फडकं मारत जा, मित्रांनो. आणि आणखी एक सांगतो. नवं यंत्र मोठं हुशार आहे, ती वजाबाकी आपणहून करतं. पण बाटली भरून आणणाऱ्या बाईला "मावशी, यात काय टाकलंत?" असं विचारायला त्याला तोंड नाही. तुम्हाला आहे.