उलट्या पट्ट्याचं मशीन

मालकीणबाईंचं कर्ज थकलं आणि बँक घराला कुलूप लावणार हे ठरलं, तेव्हा वरच्या खोलीतलं माझं सामान बांधून तयार होतं. घोर एकच होता. माझ्या बायकोचं पायाचं शिलाई मशीन खाली मालकीणबाईंच्या बैठकीत होतं. आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हा डिपॉझिट द्यायला हातात काही नव्हतं, म्हणून हिने मशीनच त्यांच्याकडे ठेवलं. दुपारी खाली जाऊन शिवायची मुभा तेवढी मागून घेतली. आता ही या जगात नाही. मशीन तरी मला हवंच होतं.

मी धावतच खाली गेलो. बँकेचा साहेब, पोरगेलासाच, प्रत्येक वस्तूवर जप्तीची चिठ्ठी चिकटवत होता. मशीनवरही चिकटली होती.

"साहेब, हे माझ्या बायकोचं आहे."

"काका, सकाळपासून इथली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी बायकोची निघतेय. कागद दाखवा."

"कागद कुठला? तोंडी ठरलं होतं."

मालकीणबाई पुढे आल्या. "अहो, खरंच भाऊजींचं आहे. घर गेलं ते गेलं, वर भाडेकरूचं डिपॉझिट बुडवलं असं नको ऐकायला मला."

"इतकी वर्षं तुमच्या खिडकीशी आहे. तुम्ही शिवत नव्हता?"

"शिवते कसली! एक अभ्रा झाला असेल तर शपथ. दोराच तुटतो मेला."

साहेब हसला. "माझी आई शिवायची. बघू." त्याने बसून पाय मारला. खट्! दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. "बिघडलंय हे."

"बिघडलेलं नाही!" मी ओरडलोच. "उठा, उठा तुम्ही!"

ही कुणाकडे शिकली नव्हती. मशीन आणलं त्याच दिवशी तिने पट्टा चुकून फुलीसारखा पीळ देऊन बसवला. त्यामुळे नेहमीसारखा पाय मारला की वरचं चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. पट्टा सरळ करायचा सोडून हिने पायांनाच उलटं मारायची सवय लावली. आजारात तिच्या पायांतला जोर गेला, तेव्हा ती शेजारी स्टुलावर बसून कापड सरकवायची आणि पाय मी मारायचो. चुकलो की म्हणायची, "अहो, टाच आधी!"

मी बसलो. साहेबाच्या पिशवीचा बंद उसवला होता, तोच ओढून सुईखाली घेतला. टाच आधी. मशीन खडखडत सुटलं, तिच्या वेळी सुटायचं तसंच! दोरा तुटला नाही. माझे डोळे भरले आणि हसूही आवरेना.

"बघा! बघा!" मालकीणबाई टाळ्या पिटायला लागल्या.

साहेबाने बंद ओढून पाहिला. मग वाकून पट्टा पाहिला आणि चिठ्ठी सोलून काढली. "मशीन बाईंचं असतं, तर त्यांनी पट्टा कधीच सरळ करून घेतला असता. न्या काका."

एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने मालकीणबाईंनी. फाटकाबाहेर मशीन टेकवून त्या धापा टाकत म्हणाल्या, "भाऊजी, डिपॉझिट पोचलं ना?"

"पोचलं, सगळं पोचलं."

"मग जाता जाता शिकवा तरी. फार छळलंय याने मला."

मी माझं गाठोडं त्यांना बसायला सरकवलं. हातगाडीवाला घाई करत होता. त्यांनी पाय मारला, खट्!

"अहो," मी म्हणालो, "टाच आधी!"