तोंडाने काही नाही

अप्पांनी घास मागायचं थांबवलं तेव्हा मला हायसं वाटलं. खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं.

अप्पा माझे सासरे. कॅन्सरमुळे त्यांचं जठर काढलं, आतडं वर ओढून जोडलं. तो सांधा जरासा पाझरतोय असं तपासणीत दिसलं. त्यामुळे परळच्या हॉस्पिटलातून लालबागच्या खोलीत आलो ते एक हुकूम घेऊन: पंधरा दिवस तोंडाने काही नाही. पोटातल्या नळीतून दर दोन तासांनी पावडरचं दूध, मागोमाग उकळून गार केलेलं पाणी. आहारतज्ज्ञ प्राची मॅडमनी तक्ता दिला. तो मी कपाटाला चिकटवला आणि घरात हवालदारकी सुरू केली. ‘तोंडाने’ या रकान्यात रोज शून्य. शेजारणीचा शिरा दारातूनच परत. सासूबाईंना तीनदा बजावलं, “आई, जेवण बंद म्हणजे बंद.”

“माका कळता गो,” त्या म्हणाल्या.

पहिले चार दिवस अप्पा हात जोडायचे. “एकच घास, अनुजा.” मला रडू यायचं, पण मी बधले नाही.

पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला. अप्पांची चौकशी झाल्यावर त्यांनी विचारलं, “आणि तुम्ही खाल्लंत का?”

“कुठलं हो! सकाळपासून काही खाल्लं नाही. नुसती पेज प्यायले.”

आई गॅसपाशी डाव घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा गप्प झाले. “सवय झाली त्यांना,” माझा नवरा सुशांत म्हणाला. मी निर्धास्तपणे नऊला ऑफिस गाठू लागले. दिवसभराचं दूध आई द्यायच्या.

आठव्या दिवशी अप्पांना उचकी लागली, ती थांबेना. नवव्या दिवशी डावा खांदा धरला, आईंनी बाम चोळला. कपाळ कोमट लागत होतं. मी तक्ता पुन्हा पुन्हा वाचला. दूध बरोबर, पाणी बरोबर, वेळा बरोबर. चूक सापडत नव्हती, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दहाव्या दिवशी सकाळी त्यांना हुडहुडी भरली. टाक्यांजवळ सदरा ओला झाला होता. त्या ओलाव्यात पांढरं काहीतरी दिसलं. मी बोटाने उचललं. भाताचं शीत होतं.

हॉस्पिटलात डॉक्टर ओरडलेच, “तोंडाने काय दिलंत?”

“काय नाय,” आई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत लपवाछपवी नव्हती.

मी रुमालातलं शीत पुढे केलं.

“ता पेजेचा आसात. सकाळची वाटीभर देतंय,” आई म्हणाल्या. “पेज काय जेवण असता? तूच फोनार सांगलंस ना गो, काय खाल्लंय नाय, नुसती पेज.”

तापाला पेज, उपाशी पोटाला पेज. आमच्याकडे तिला खाण्यात कुणी धरत नाही. मीही धरलं नव्हतं.

अप्पांना पुन्हा ऑपरेशनला नेलं. या वेळी डॉक्टरांनी धीराचा एक शब्दही न बोलता सही घेतली. दार बंद झालं. आई बाकावर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, “भायर इले की भुकेजतले. पेज घेवन येव काय?”

 घाईत कपाटावरून ओढून आणलेला तक्ता माझ्या हातात होता. ‘तोंडाने’ रकान्यात नऊ शून्यं होती, सगळी माझ्या अक्षरातली.