एक फाइल वापरात आहे

दुरुस्तीवाल्या बाईंनी कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचा चुरा, एक स्क्रू आणि सासऱ्यांचा महिनाभर हरवलेला खोटा दात पडला. दात बाईंनी सुनेच्या हातात दिला. तो बसवला होता तिच्या नवऱ्यानेच. तो दंतवैद्य असल्यामुळे घरात हा विषय कोणी काढत नसे.

स्क्रीनवर हसरी मुलगी उगवली. अभिनंदन! तुम्ही जिंकलात! दर सात मिनिटांनी उगवायची.

"आभारी आहे," सासरे म्हणाले.

"बाबा, तो व्हायरस आहे," सून म्हणाली.

"असेल. बोलणं गोड आहे."

सासऱ्यांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, मिस्त्री आणि हेल्पर. मिस्त्री त्यांना आयुष्यात एकच भेटला, ज्याच्या हाताखाली ते शिकले; तो कधीच वारला होता. उरलेलं जग हेल्पर. मुलगा हेल्पर, सून हेल्पर, त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन करणारे सर्जनसुद्धा हेल्पर. बरे हेल्पर, पण हेल्परच.

"हळू, हेल्पर," ते बाईंना म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच हळू झाल्या.

टेम्पररी फाइल्सचा फोल्डर उघडला. एक्केचाळीस हजार.

"वापरून झालेला कचरा असतो हा," बाईंनी सुनेला सांगितलं. "व्हायरस यातच दडून बसतो."

"मग उडवा ना सगळ्या एकदम!"

"उडवायच्याच आहेत. आधी बघू दे."

चष्मा नाकावर ओढून त्या यादी खाली खाली नेत राहिल्या. कुणाच्या घरात पाऊल जपून टाकावं तसं त्यांचं बोट माउसवर पडत होतं. सासरे खुर्ची सरकवून जवळ आले. मग बाईंनी सगळ्या निवडून डिलीट दाबलं. एक सोडून सगळ्या गेल्या. 'ही फाइल वापरात आहे.'

बाईंनी माउसवरचा हात काढून घेतला.

"काय उघडं आहे, बाबा?"

स्क्रीनच्या तळाशी दडलेली खिडकी सासऱ्यांनी वर आणली. लिफ्टची निगा राखण्याबद्दल त्यांनी लिहिलेली तीनशे बारा पानं. फाइलला नाव नव्हतं.

"सेव्ह केलंय कधी?"

"सेव्ह म्हणजे सही. काम पुरं झाल्याशिवाय सही करायची नाही," सासरे म्हणाले. "आमच्यात एकाने केली होती आधी. लिफ्ट चौथ्या मजल्यावरून..."

सून कपाळाला हात लावून उभी राहिली. म्हणून तर अकरा महिने त्यांनी मशीन बंद होऊ दिलं नव्हतं. वीज गेली की नवरा पेशंटला तसाच आ वासलेला ठेवून इन्व्हर्टर बघायला घरी पळत यायचा.

"व्हायरस चालू मशीनमध्ये मुरलाय," बाई म्हणाल्या. "एकदा बंद करून चालू केल्याशिवाय निघणार नाही. सेव्ह न करता बंद केलं तर पानं जातील. नाही केलं तर आज ना उद्या तोच बंद पाडेल."

"अजून दोन प्रकरणं राहिलीत."

"मग मला पुढे हात लावता येणार नाही."

आढेवेढे नाहीत, उपदेश नाही. बाईंनी कामाचा कागद काढला, काहीतरी लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.

सासरे ताडकन उठले. "काम पुरं नाही आणि सही केलीस?"

बाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला. 'काम अपूर्ण. टेम्पररी फाइल्स काढल्या, एक वापरात. व्हायरस शिल्लक.'

"उद्या माझ्याऐवजी दुसरं कोणी आलं तर? कुठवर झालंय ते त्याला कळायला नको?"

सासऱ्यांनी कागद दोनदा वाचला. उजेडात धरूनही पाहिला. मग खुर्चीत बसले, सेव्ह दाबलं आणि नावाच्या जागी एकेक अक्षर शोधत टाइप केलं: लिफ्टची निगा, अपूर्ण, दोन प्रकरणं शिल्लक.

मशीन बंद झालं. काळ्या स्क्रीनकडे पाहत त्यांनी सुनेचं मनगट धरून ठेवलं. तिच्या मुठीत दात रुतला.

स्क्रीनवर उजेड आला. फाइल जागेवर होती. बाईंनी आधी शेवटची टेम्पररी फाइल काढली, मग व्हायरस, आणि घड्याळाकडे पाहत हाताची घडी घालून बसल्या.

सात मिनिटं झाली. आठ झाली. मुलगी उगवली नाही.

"आभारी आहे, मिस्त्री," सासरे म्हणाले.

कोण आलंय म्हणून सुनेने चमकून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.