उलट्या बटणांचा कोट

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुमच्या पाठीवर काच आहे आणि पोटात दिवा. दिवा लागला की काचेवरच्या कागदातून आरपार उजेड येतो. त्यावर दुसरा कोरा कागद ठेवला, तर खालच्या चित्राची रेघ न् रेघ वर दिसते. मग काय, पेन्सिल फिरवायची की झालं! जमली कल्पना? मग आपली ओळख झाली. मी एक जुनी गिरवायची पेटी आहे.

माझा जन्म टाकाऊतून झाला. एका सुताराने मोडक्या खोक्याच्या फळ्या जोडल्या, फुटक्या खिडकीची शाबूत उरलेली काच वर बसवली आणि ती घासून घासून दुधासारखी पांढरी केली. मला बनवून घेणारी बाई कपड्यांची चित्रं काढायची. शिवण्याआधी कपडा अंगावर कसा दिसेल, ते कागदावर दाखवायचं हे तिचं काम. खाली शिलाईचा कारखाना होता. जिन्यावरच्या खोलीत ती, तिची आईवेगळी भाची आणि मी राहायचो.

भाचीला सगळे बोरू म्हणत, कारण ती बोरूच्या काडीसारखी बारीक होती. तिलाही मावशीसारखी चित्रं काढायची होती. कपड्यांच्या चित्रातली बाई मुद्दाम उंच काढतात, स्वतःच्या डोक्याच्या नऊपट. मावशीने हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा बोरूने डोळे विस्फारले.

"नऊ डोकी? मग वेण्या घालायला किती वेळ लागत असेल!"

मावशी इतकी हसली, की शाईची दौत लवंडली.

ते दिवस चांगले होते. खाली कारखान्यात म्हणत, 'बाईंचं चित्र म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.' चित्रात जसं असेल तसं डोळे मिटून कापायचं. मीही मनातल्या मनात फुगत असे.

मग मावशीचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाचा कप वाजायचा, पुढे रेघही वाकडी येऊ लागली. औषधाने तिला ग्लानी यायची आणि ती दुपारभर झोपायची. कामं मात्र थांबत नव्हती. एका दुपारी शाळेतून आल्यावर बोरूने हळूच माझा दिवा लावला. मावशीचं जुनं चित्र खाली, कोरा कागद वर, आणि तिने बाई गिरवली. तोच चेहरा, तीच वर उचललेली हनुवटी. फक्त झगा बदलला. कोणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. वर्षभर हे चाललं. बोरूचा हात मावशीच्या वळणावर असा बसला, की तिला स्वतःचं वळण आहे की नाही, हेच कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मला तर कौतुकच वाटायचं.

एकदा कोटाचं चित्र हवं होतं, आणि बाईचं तोंड डावीकडे हवं होतं. मावशीच्या जुन्या चित्रात ते उजवीकडे होतं. बोरूने युक्ती केली. जुना कागद उलटा करून माझ्यावर ठेवला आणि मागच्या बाजूने गिरवला. बाई वळली. पण मित्रांनो, बाईबरोबर कोटही वळला! बायकांच्या कोटाची उजवी बाजू वर येते, पुरुषांच्या कोटाची डावी. बोरूच्या चित्रात डावी वर आली. गिरवणाऱ्याला रेघ दिसते, कपडा दिसत नाही.

मास्तर, म्हणजे कापड बेतून कापणारे कारखान्यातले मुख्य कारागीर, नेमके तेव्हा गावाला गेले होते. हाताखालच्या लोकांनी चित्राबरहुकूम चाळीस कोट कापले आणि शिवले. मास्तर परतले ते त्यातला एक कोट घेऊन थेट जिना चढून वर आले.

"बाई, हे काय? बायकांचा कोट आणि बटणं पुरुषांची?"

मावशीने चित्र पाहिलं. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या बोरूकडे पाहिलं. बोरूने मान खाली घातली.

"चुकलं माझं," मावशी म्हणाली. "हात राहिला नाही आता."

मास्तरांनी कोटाची बटणं पुन्हा एकदा चाचपली. शेवटी म्हणाले, "मग आता विश्रांती घ्या." कोट खाटेवर टाकून ते खाली उतरले. तीस वर्षांचं काम एका वाक्यात संपलं. त्यानंतर जिन्यावर कोणाचं पाऊल वाजलं नाही.

आठ दिवस बोरू धड जेवली नाही. नवव्या दिवशी ती मावशीच्या खाटेशी बसली.

"मावशी, ते चित्र..."

"माहीत आहे गं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. माझी रेघ थरथरते. तुझी थरथरत नव्हती. मी गप्प राहिले, कारण मला काम हवं होतं. तू गप्प राहिलीस, कारण तू भ्यालीस. आपण दोघी सारख्याच." मग तिने तो उलट्या बटणांचा कोट मागितला आणि मोठ्या कष्टाने अंगात चढवला. "आता काढ मला. पेटी बंद. नुसतं बघून काढ."

बोरूने काढलं. कागदावर तीच नऊ डोक्यांची, हनुवटी वर केलेली बाई उमटली.

"ही कोण भवानी?" मावशी म्हणाली. "मी अशी दिसते? फाड. कागदाकडे कमी बघ, माझ्याकडे जास्त."

किती कागद फाटले, मी मोजले नाहीत. मावशीला आधी उभं राहता येत होतं, मग बसावं लागलं, मग उशांना टेकावं लागलं. बोरू रडायची, चिडायची आणि पुन्हा काढायची. माझ्यावर आता औषधाच्या बाटल्या ठेवत. मला राग आला नाही. माझ्या उजेडामुळेच त्या पोरीची नजर आंधळी झाली होती, हे मला उमगलं होतं.

एका सकाळी बोरूने कागद पुढे धरला. चित्रातल्या बाईचा एक खांदा उतरलेला होता. पाय सुजलेले होते. मान खाली गेली होती. कोट मात्र हाडांवर असा लोंबत होता, की हात लावला तर कापड बोटांना लागेल.

"अगं बाई! किती म्हातारी दिसते मी," मावशी म्हणाली. खूप वेळ ती बघत राहिली. "कोणाचीही नक्कल नाही ही. ही तुझी."

पुढच्याच आठवड्यात मावशी गेली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. काच पुसा, तार कुरतडली जाणार नाही ते पाहा. माझ्यावर गिरवायलाही माझी ना नाही, हात बसायला ते लागतंच. पण रोज थोडा वेळ माझा दिवा बंद ठेवा, आणि समोरच्या माणसाकडे नीट बघा. ते माणूस कायम तिथे बसलेलं नसतं.

मावशी गेल्यावर तिसऱ्या दिवशी मास्तर भेटायला आले. टेकायला जागा शोधताना त्यांना भिंतीवरचं ते चित्र दिसलं. ते जवळ गेले, चष्मा वर-खाली केला.

"कोणी काढलं हे?"

"मी," बोरू म्हणाली.

"पोरी, शाळा सुटल्यावर रोज खाली येत जा. मावशीच्या टेबलावर बस. मी शिकवतो तुला." बोरूचा चेहरा उजळला. वर्षानुवर्षं तिने याचीच वाट पाहिली होती. मास्तर पुढे म्हणाले, "बिचारीचा हात शेवटी चुकला, त्याचं वाईट वाटतं बघ. चाळीस कोट! कारखान्यात अजून तेच बोलतात. तुझा हात मात्र पक्का आहे."

खाली मशिनी चालू होत्या. बोरूला नुसती मान डोलवायची होती, की ते टेबल तिचं होतं.

ती उठली. मास्तरांच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, मावशीचा हात चुकला नाही. तो कोट मी काढला होता."